गड नसलेल्या मुलखाचे झेंडे

आमच्या माळ्यावर एक झेंडी पडून आहे. पाच-साडेपाच फुटांचा बांबू, बुडाला लोखंडी टोक, वर अर्धं लाल, अर्धं पांढरं कापड. लालाचा आता विटकरी झालाय आणि पांढऱ्याचा रंग सांगण्यासारखा राहिलेला नाही. मोजणी खात्यातून निवृत्त झालो तेव्हा ती मी घरी आणली. सरकारी मालमत्ता म्हणाल तर आहे. पण कापड दोनदा मी पदरच्या पैशांनी बदललंय, तेव्हा फिटंफाट.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मी उभ्या नोकरीत शेतं मोजली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. गणित एवढंच. खरं काम झेंडीचं. बांधाच्या टोकाला ती रोवली की तोवर एकमेकांना शिव्या देणारे दोन भाऊ गप्प होतात आणि दोघंही काठीकडे बघायला लागतात. कुठल्याही देशाच्या झेंड्याकडे इतकं टक लावून कुणी बघत नसेल.

नातवाला शाळेतून काम मिळालं होतं, आपल्या भागावर आजवर फडकलेले झेंडे काढून आणा. तो म्हणाला, ‘‘आजोबा, आपल्या किल्ल्यावर कुठले कुठले झेंडे होते?’’ मी म्हटलं, ‘‘बाळा, आधी किल्ला दाखव.’’

तो विचारात पडला, आणि मग मीही. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा, मधून कऱ्हा आणि बाकी सगळा माळ. पुरंदर आमच्यापासून दूर, रायगड त्याहून दूर. गडावर झेंडा चढतो, उतरतो, कोसावरून दिसतो, आणि मग इतिहास लिहिणाऱ्याला सोपं जातं: अमुक तिथीला अमुक निशाण चढलं. आमच्याकडे होत्या मातीच्या गढ्या. सुप्याला, बारामतीला, इंदापूरला. गढीवर निशाण लावलं तर ते गावच्या लिंबांच्या वर जेमतेम निघायचं. आमच्या मुलखात झेंडा उभा राहिला नाही, तो चालत आला आणि चालत गेला.

जुन्या मराठीत याला नेमका शब्द आहे: ढाल. आज ढाल म्हटलं की तलवारीच्या जोडीची ढाल आठवते. पण फौजेच्या मुख्य निशाणालाही ढाल म्हणत. ती पुढे चालायची, तिच्यामागून फौज. ती जिथे थांबेल तिथे मुक्काम. ज्या हत्तीवर ती असायची तो ढालगज. माझी आजी शेजारच्या एका तोंडाळ बाईला ‘ढालगज भवानी’ म्हणायची. तिने असा हत्ती बापजन्मी पाहिला नव्हता. पण निशाण मिरवत सगळ्यांच्या पुढे, कुणाला न जुमानता चालणारं ते धूड तिच्या बोलण्यात शाबूत होतं. राज्यं गेली, झेंडे गेले, आणि हत्ती आमच्या भांडणात उरला.

आता नातवाच्या वहीसाठी क्रम लावायचा, तर सुरुवात इंदापूरच्या गढीपासून करावी लागते. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले निजामशाहीच्या चाकरीत होते, आणि इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांची समाधी इथेच आहे. त्यांच्या दोन मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी, अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसाची. इंदापुरातही गढीच्या शेजारी चाँदशाहवलीचा दर्गा. आज जे लोक भगवं आणि हिरवं समोरासमोर उभं करून इतिहास सांगतात, त्यांना मी एकदा या दोन वास्तूंमधून चालवून आणीन म्हणतो. मोजायला साखळी लागणार नाही.

१६३६ साली शाहजहान आणि आदिलशाही यांच्यात करार झाला, निजामशाही वाटून घेतली गेली, आणि भीमेच्या दक्षिणेचा आमचा मुलूख विजापूरच्या वाट्याला गेला. म्हणजे कागदावर झेंडा विजापूरचा, पण जहागीर शहाजीराजांची. पुणे, सुपे, इंदापूर ही त्या जहागिरीतली नावं. कारभार दादोजी कोंडदेव बघणार. गावच्या पाटलाला यातलं काय दिसलं असेल? धारा कुणाकडे भरायचा आणि कुणाच्या नावाची द्वाही फिरते, एवढंच. द्वाही म्हणजे अमुक राजाची आण आहे अशी दवंडी. आमच्याकडे राज्य बदललं की ते डोळ्यांना दिसायच्या आधी कानांवर पडायचं.

सुप्याची गोष्ट मला फार आवडते. सुप्याला शिवाजी महाराजांचे सावत्र मामा संभाजी मोहिते ठाण मांडून होते. बखरकार सभासद लिहितो की महाराज शिमग्याच्या सणाला पोस्त, म्हणजे सणाची बक्षिसी, मागायला म्हणून गेले, मामाला कैद केलं आणि ठाणं ताब्यात घेतलं. भाचा पोस्त मागायला आलाय म्हटल्यावर कुठला मामा दरवाजा लावील? निशाण बदललं ते असं, रंगपंचमीच्या आसपासच्या दिवसांत. सुप्याच्या बाजारात बसलेल्या माणसाला ते सणाचंच काहीतरी वाटलं असेल.

नंतर १६६० च्या उन्हाळ्यात शाइस्तेखान आला. अहमदनगरहून निघून सुपे, बारामती, शिरवळ अशा वाटेने तो मे महिन्यात पुण्याला पोचला. मोगली लवाजम्यात साधं एक निशाण नसतं. अबुल फजलने आईन-इ-अकबरीत बादशाही मानचिन्हांची यादी दिली आहे: अलम, वनगाईच्या शेपटांचे झुपके लावलेले तोग, वगैरे. शिवाय माही मरातब, काठीवर सोनेरी माशाचं तोंड. आमच्या करपलेल्या माळावरून तो मासा उन्हात चमकत गेला असेल तेव्हा बघणाऱ्याला काय वाटलं असेल, याचं मला नेहमी कुतूहल आहे. कऱ्हेला त्या दिवसांत पाणी नसतं. गंमत अशी की मासा पुढे मराठ्यांनीही उचलला. १६७४ साली राज्याभिषेकाला हजर असलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेनने सिंहासनाच्या एका बाजूला भाल्यांवर मोठ्या दातांची सोन्याची माशांची तोंडं आणि दुसऱ्या बाजूला घोड्यांची शेपटं व सोन्याचा तराजू पाहिल्याचं लिहून ठेवलंय. सत्तेची खूण कुणाच्या बापाची नसते. ज्याच्या हाती ती आली, तो ती मिरवतो.

भगवा झेंडा कसा होता ते मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने लिहिलंय: गडद नारिंगी, टोकाला दुभंगलेला. हा छत्रपतींचा. पेशव्यांकडे जरीपटका, नावाप्रमाणेच जरीचा. तो छत्रपतींनी दिलेला मान. मोहिमेवर ज्या सरदाराच्या हाती जरीपटका, त्याच्या शब्दाखाली बाकीच्यांनी चालायचं. जरीपटका म्हणजे कापडाचं हुकूमपत्रच म्हणा ना. आणि त्याच्यामागे धावायची ती आमचीच जनावरं. भीमेच्या थडीची तट्टं, अंगाने लहान, चारा कमी, दम अफाट. राज्यगीतात त्यांचं नाव आहे, आणि अलीकडे भीमथडी घोडा ही स्वतंत्र जात म्हणून नोंदलीही गेली. झेंडा अटकेपार गेला म्हणतात. तो आपल्या पायांनी नाही गेला.

१७१९ साली पेशवे बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून सनदा आणल्या. स्वराज्याच्या सनदेत जी गावं-परगणे लिहिलेत त्यांत पुणे, सुपे, बारामती, इंदापूर ही आमची नावं ओळीने आहेत. त्याच्या तीस वर्षं आधी औरंगजेब नीरेच्या पलीकडे अकलूजला तळ टाकून होता. संभाजीराजांना पकडून भीमेपलीकडच्या बहादूरगडाला नेलं तेही १६८९ मध्ये. या दोन ठिकाणांच्या मधोमध आम्ही. ज्या मुलखातल्या नद्यांवर बादशहाच्या छावणीचे बैल पाणी प्यायले, तो मुलूख त्याच्याच नातवंडा-पतवंडांच्या सहीने परत लिहून मिळाला.

बारामतीचं त्यापुढचं नाव बाबूजी नाईक जोशी. सावकार, सरदार, पेशव्यांचे सोयरे. त्यांच्या भावाला थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई दिलेली. १७४० साली बाजीराव वारले तेव्हा रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्याने पेशवाई बाबूजींना मिळावी अशी खटपट झाली. ती मिळाली बाजीरावांच्या मुलाला, नानासाहेबांना. मिळाली असती तर जरीपटका कऱ्हेकाठच्या वाड्यात आला असता. त्याऐवजी तिथे आले मोरोपंत. पन्हाळ्याचे पराडकर, नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहून जन्मभर आर्या रचत बसले आणि १७९४ ला तिथेच वारले. बारामतीच्या नशिबी पेशवाईचं निशाण नव्हतं, कविता होती. माझ्या मते सौदा वाईट झाला नाही, पण हे मत मोजणीवाल्याचं. इतिहासवाले वेगळं सांगतील.

मला सगळ्यात बोचतं ते १८०२. ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांचा सरदार फत्तेसिंग माने याने बारामतीजवळ पेशव्यांची फौज उधळली आणि तोफा काढून घेतल्या. पुढे त्याच महिन्याच्या २५ तारखेला, दिवाळीच्या दिवसांत, हडपसरची लढाई झाली आणि दुसरा बाजीराव पळाला. खर्ड्याच्या रणावर १७९५ साली सगळे मराठे सरदार एका जरीपटक्याखाली जमले होते, तेच शेवटचं. सात वर्षांत आमच्या माळावर ते एकमेकांवर चालून आले. ज्वारी तेव्हा नुकती उगवलेली असणार, ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे रब्बीची पेरणी. दोन्हीकडचे झेंडे मराठ्यांचेच, दोन्हीकडची तट्टं भीमथडीची, आणि तुडवलेलं रान कुणाचं? एवढं साधं फेरफाराचं उत्तर मला कुठल्या बखरीत मिळालं नाही.

आणि सहा महिन्यांत, एप्रिल १८०३ मध्ये, अकलूज-बारामतीच्याच वाटेने इंग्रजांचा आर्थर वेलस्ली आला. पळालेल्या बाजीरावाला गादीवर परत बसवायला. त्याने इंग्रजांशी केलेला वसईचा तह सही होऊन चार महिने होत आले होते. शेवटच्या टप्प्यात वेलस्लीने घोडदळ घेऊन साठ मैल बत्तीस तासांत कापले आणि २० तारखेला तो पुण्यात शिरला. युनियन जॅकमध्ये आयर्लंडचा तिरपा लाल फुलीपट्टा घातला गेला तो १ जानेवारी १८०१ ला. म्हणजे आमच्या माळावरून गेलेला तो झेंडा अजून कोरा होता, घडी मोडून दोनच वर्षं झालेली. माणूस मात्र पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून वॉटर्लूला नाव कमवून बसला.

शनिवारवाड्यावर तो झेंडा चढला १७ नोव्हेंबर १८१७ ला. चढवणारे बाळाजीपंत नातू. हे नाव पुण्यात अजून कुणी चांगल्या तोंडाने घेत नाही. साताऱ्यात मात्र वेगळंच घडलं. १० फेब्रुवारी १८१८ ला किल्ला पडला, इंग्रजी निशाण लागलं, आणि दुसऱ्या दिवशी ते उतरवून त्याच जागी छत्रपतींचा भगवा चढवला. इंग्रजांना पेशवा नको होता, छत्रपतींची गादी चालणार होती. १८१९ च्या सप्टेंबरात तह झाला आणि सातारच्या राज्याची उत्तरेची हद्द ठरली नीरा.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. नीरा म्हणजे सराटीचा घाट. इंदापूर तालुक्याचं शेवटचं गाव. पलीकडे अकलूज. १८१९ पासून १८४८ ला सातारा खालसा होईपर्यंत, नदीच्या या काठावर कंपनी सरकार आणि त्या काठावर छत्रपतींचं राज्य. आणि दर आषाढात तुकोबांची पालखी तिथूनच नदी ओलांडणार, १६८५ मध्ये त्यांच्या मुलाने, नारायणबाबांनी, ती सुरू केली तेव्हापासून. पादुकांना नीरेचं स्नान घालून दिंड्या पाण्यात उतरल्या की मागे युनियन जॅकचा मुलूख, पुढे भगव्याचा, आणि वारकऱ्याच्या खांद्यावरची पताका दोन्हीकडे तीच. तीही भगवीच म्हणा. पण तिच्यावर कुणाची द्वाही नव्हती. फलटण संस्थानापुरती तर ही हद्द त्यानंतरही शंभर वर्षं टिकली. १५ ऑगस्ट १९४७ ला नीरेच्या अलीकडे तिरंगा चढला तेव्हा पलीकडे निंबाळकर राजेसाहेब राज्यावर होते. संस्थान विलीन झालं १९४८ च्या मार्चमध्ये.

आता माझ्या झेंडीकडे येतो, कारण आमच्या मुलखावर इंग्रजांचं खरं निशाण जॅक नव्हतं. तो पुण्यात, साहेबाच्या बंगल्यावर. इंदापूरच्या शेतकऱ्याला तो दिसला असेल नसेल. त्याला दिसली मोजणीची झेंडी.

१८२८ ते १८३० च्या सुमारास प्रिंगल नावाच्या तरुण मुलकी अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची मोजणी केली. माणूस हुशार, विलायतेत अर्थशास्त्र शिकून आलेला. निव्वळ उत्पन्नाचे पंचावन्न टक्के सरकारचे असा त्याने हिशोब मांडला. हिशोब पुस्तकात बरोबर होता. बांधावर मात्र खालच्या कामगारांनी पैसे खाल्ले, जमिनीची प्रत भलतीच लिहिली, आणि धारा असा बसला की इंदापूर तालुक्यातली माणसं रानं टाकून परमुलखात निघून गेली. माझ्या धंद्यातल्या लोकांनी ही गोष्ट नोकरीच्या पहिल्या दिवशी ऐकावी असं मला वाटतं. साखळी खोटं बोलत नाही. साखळी धरणारा बोलतो.

मग १८३५ ला गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट हे दोघे इंदापुरात आले. जमिनीच्या नऊ प्रती लावल्या, सोळा आण्यांपासून उतरत. धारा कमी केला आणि तीस वर्षं तो बदलणार नाही असं कबूल केलं. १८३६ पासून हे इंदापुरात लागू झालं आणि तिथून सगळ्या मुंबई इलाख्यात गेलं. आजही कोल्हापूरपासून खानदेशापर्यंत कुणाचाही जुना सर्व्हे नंबर काढा, त्याचं मूळ इंदापूरच्या त्या माळावर सापडेल. पुण्याच्या लोकांना शनिवारवाड्याचा अभिमान असतो, साताऱ्याच्या लोकांना गादीचा. इंदापूरकराला आपल्या तालुक्यात काय जन्मलं याची गंधवार्ता नसते.

तीस वर्षं पुरी झाली ती नेमकी वाईट वेळी. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव चढले होते, त्या तेजीवर नजर ठेवून १८६७ मध्ये इंदापूरचा धारा वाढवला. तोवर युद्ध संपून भाव उतरलेले. शेतकरी सावकाराकडे गेला, आणि १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात त्याचा भडका उडाला. लोकांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली, खतं-रोखे बाहेर काढून जाळले. दख्खनचे दंगे म्हणून पुस्तकात येतात ते आमच्या सुप्यात सुरू झाले, जिथे शिमग्याला मामाला धरलं होतं तिथेच. या लोकांच्या हातात कुठलंच निशाण नव्हतं. त्यांना राज्य नको होतं, सहीचा कागद हवा होता, जाळायला. चार वर्षांनी, १८७९ ला, शेतकऱ्यांच्या कर्जासाठी कायदा आला. झेंड्याशिवाय मिळालेला हा या मुलखातला बहुधा सगळ्यात मोठा जय.

बाकीचं भराभर सांगतो. १८८५ ला नीरेचा डावा कालवा सुरू झाला, भाटघरचं पाणी बारामतीकडे आलं, आणि हळूहळू माळाचा ऊस झाला. १९१४ ला दौंड-बारामती छोटी रेल्वे आली. आमच्या आजोबांच्या पिढीला झेंडी म्हटलं की गार्डाची हिरवी झेंडी आठवायची, कारण ती दाखवल्यावर काहीतरी खरोखर हलायचं. २२ जुलै १९४७ ला घटना समितीने तिरंगा मंजूर केला. आजी सांगायची की चावडीवर तो चढला तेव्हा तिने बघितला, पण तिची नजर खाली, दोरी ओढणाऱ्या कोतवालाच्या हाताकडे होती. गाठ अडकली होती. सगळं गाव श्वास धरून उभं, आणि कोतवाल घामाघूम. मग झटका बसला आणि फुलं तिच्याही डोक्यावर पडली. नातवाच्या वहीत हे चित्र मी काढायला लावलं, कोतवालासकट.

उजनीचं पाणी चढायच्या आधी भीमेकाठच्या गावांत आमच्या खात्याच्या झेंड्या फार लागल्या होत्या. पळसदेव त्यातलंच. जुनं गाव पाण्याखाली गेलं, पळसनाथाचं देऊळही. धरण आटलं की ते वर येतं, लोक होड्यांतून बघायला जातात. तिथला एक म्हातारा मला म्हणाला होता, ‘‘साहेब, मोगल आलं, इंग्रज आलं, आमचं गाव कुणी हलवलं न्हाई. ही काठी आली आन्‌ गाव उठलं.’’ मी काय बोलणार? काठी माझ्या हातात होती.

निवृत्त झाल्यावर मी दरवर्षी वारीतल्या बेलवाडीच्या रिंगणाला जातो. सुरुवातीला पताकावाले धावतात, मग तुळशीवाल्या बाया, विणेकरी, टाळकरी, आणि शेवटी घोडा. लोक घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. मी वर्तुळाचा परीघ पावलांनी मोजत बसतो, जुनी खोड. अलीकडे पालखी मार्ग चौपदरी करायचं काम निघालं तेव्हा सणसरच्या पुढे रस्त्याच्या कडेला मोजणीच्या लाल-पांढऱ्या झेंड्यांची रांग लागली होती. त्यांच्या शेजारून पताकांची रांग चाललेली. मराठवाड्याकडची एक म्हातारी, डोक्यावर तुळस, त्या झेंड्यांपाशी थांबली आणि मला म्हणाली, ‘‘माउली, ही कुठल्या दिंडीची निशाणं?’’

मी म्हटलं, ‘‘दिंडीची नाहीत, आजी. मोजणीची.’’

‘‘मोजणीची?’’ तिने तुळस सावरली, झेंडीचं कापड दोन बोटांत धरून बघितलं. ‘‘मग आमच्याकडं कधी येता? माझ्या दिरानं बांध कोरलाय, अठरा वर्सं झाली.’’